ज्याचे त्याचे टिपण

दिल्लीत नोट्स हा एक व्यापारच आहे. दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसला लागून, वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांची जी रांग आहे, तिला सगळे नुसते 'पटेल चेस्ट' म्हणतात. मागच्या तुकडीतल्या एखाद्या हुशार मुलीची हस्ताक्षरातली वही तिथे स्पायरल लावून मिळते. मुखर्जीनगर आणि ओल्ड राजेंद्रनगर इथे हाच माल स्पर्धापरीक्षांच्या नावाने विकला जातो, आणि लातूर-नांदेडहून यूपीएससीसाठी आलेल्या मराठी मुलांच्या खोल्यांत त्याचे ढीग दिसतात. या प्रतींवरून मोठा खटलाही झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या छोट्या दुकानावर 2012 मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांनी दावा लावला. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनाच्या ओघात काढलेल्या अशा प्रतींच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. लिहिलेल्या, उतरवलेल्या, झेरॉक्स केलेल्या कागदावर या शहराचे शिक्षण किती उभे आहे, हे त्या निमित्ताने सगळ्या देशाला दिसले.

ती झेरॉक्स मात्र सगळ्यांसाठी नसते. ज्याला दिसत नाही, त्याच्या लेखी ती कोऱ्या कागदासारखीच. आणि ज्या वर्गातून ती वही निघाली, तो वर्गही सगळ्यांना सारखा लाभत नाही. जिला ऐकू येत नाही, तिने सांकेतिक भाषेच्या दुभाष्याच्या हातांकडे पाहायचे की वहीकडे? ज्याच्या बोटांना पेन धरल्यावर पेटके येतात, त्याने तासभराचे व्याख्यान कशात साठवायचे? डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला विषय उत्तम कळतो, पण ऐकणे, निवडणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे एका दमात करता करता तो मागे पडतो. या विद्यार्थ्यांना वर्गात स्वतःचे टिपण स्वतः करता यावे म्हणून जी साधने, पद्धती आणि नियम तयार झाले, त्यांचा अभ्यास हे एक स्वतंत्र क्षेत्र आहे. मराठीत त्यावर फारसे लिहिले गेलेले नाही. ज्या वाचकाला यापूर्वी या विषयाकडे वळायचे कारण पडले नाही, त्याला आत बोलावण्यासाठी हा मजकूर आहे.

पहिली शंका रास्त आहे, ती आधीच घेऊ. टिपण ही एवढी काय मोठी गोष्ट? पुस्तके आहेत, व्याख्यानांचे व्हिडिओ आहेत, मित्रांच्या वह्या आहेत. आता तर यंत्र बोललेले सगळे लिहूनही देते. या शंकेचे उत्तर शोधताना 1972 मधल्या एका जुन्या अभ्यासापाशी जावे लागते. डी व्हेस्टा आणि ग्रे या दोन अमेरिकन संशोधकांनी टिपणाची दोन कामे वेगळी करून दाखवली. एक काम साठवणीचे : वही मागाहून उघडता येते. दुसरे काम त्या क्षणीच होऊन जाते : ऐकताना काय घ्यायचे, काय सोडायचे, कशाला कशाशी जोडायचे हे ठरवावे लागते आणि त्या ठरवण्यातच विषय डोक्यात शिरतो. माणूस मिनिटाला शंभराहून अधिक शब्द सहज बोलतो. हाताने त्याच्या पाव हिश्श्याइतकेही लिहून होत नाहीत. ही तफावत हीच शिकणाऱ्याची सक्ती, आणि तीच त्याचा फायदा.

हा भेद हाती आला की पुढचे बरेच काही उलगडते. आजवरच्या बहुतेक सहायक साधनांनी पहिले काम उत्तम सोडवले आहे. ध्वनिमुद्रण, लेखनिक, मित्राच्या वहीची प्रत, यंत्राने उतरवलेला मजकूर या सगळ्यांतून विद्यार्थ्याच्या हाती साठा येतो. दुसरे काम, म्हणजे निवड, मात्र दुसऱ्याच कोणाकडे राहते किंवा होतच नाही. या क्षेत्रातल्या कोणत्याही साधनापुढे वाचकांनी हाच प्रश्न ठेवावा असे मला वाटते : यातून विद्यार्थ्याला टिपण मिळते, की टिपण करता येते?

आपल्या परंपरेला हा फरक अपरिचित नाही. ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, दासबोध कल्याणस्वामींनी लिहून घेतला असे आपण सांगतो. ती लेखनिकांची कामे होती आणि समोरच्याचा शब्द जसाच्या तसा उतरवण्यातच त्यांची थोरवी होती. म्हाइंभटांचे काम निराळे. चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या-पाहिल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले, म्हणजे काय ठेवायचे हे ठरवण्याचा भार त्यांच्यावर होता. वेगाची अडचणही आपल्याकडे नवी नाही. मोडी लिपी आपल्या दप्तरांत शतकानुशतके टिकली, कारण हात न उचलता भराभर लिहिणे तीत जमत होते. ऐकण्याच्या वेगाला हात पुरा पडावा म्हणून साधन बदलायचे, ही कारकुनाची गरज तेव्हाही होती.

आता साधनांकडे वळू, आणि त्यातही अंध विद्यार्थ्यांच्या साधनांकडे आधी. या दालनाचा इतिहास सर्वांत लांब आणि सर्वांत समृद्ध आहे. ब्रेल पाटी आणि टोचणी हे अंधांचे पहिले स्वतःचे लेखनसाधन. पाटीत कागद अडकवायचा आणि एकेक टिंब टोचत जायचे. टिंबे कागदाच्या मागच्या बाजूला उठतात, त्यामुळे लिहायचे उजवीकडून डावीकडे, अक्षरे उलटी, आणि वाचायचे कागद पालथा करून डावीकडून उजवीकडे. आपल्या भाषांसाठी 1951 मध्ये भारती ब्रेल ठरले. त्यात देवनागरीच्या मात्रा वर-खाली जात नाहीत. 'कि' लिहायचे तर आधी क आणि मग इ, तोंडातून येतात त्याच क्रमाने. लिपी म्हणून ही व्यवस्था नेटकी आहे. अडचण वेगाची, आवाजाची आणि जागेची. भरवर्गात टकटक ऐकू येत राहते, शेजारची मुले वळून पाहतात, आणि छापील एका पानासाठी ब्रेलची दोन-तीन जाड पाने लागतात. सहामाहीच्या नोट्सचे गाठोडे होते.

त्यामुळे महाविद्यालयात आल्यावर पुष्कळ अंध विद्यार्थी टिपण करणेच सोडून देत आणि वाचकावर अवलंबून राहत. इथे वाचक म्हणजे वाचून दाखवणारा स्वयंसेवक. तो कॅसेटवर पुस्तक किंवा वही वाचून ठेवी. दिल्लीत या स्वयंसेवेची मोठी परंपरा आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरची ब्लाइंड रिलीफ असोसिएशन 1944 पासूनची, राष्ट्रीय अंध महासंघ 1970 चा, रोहिणीतली अखिल भारतीय अंध परिसंघ ही संस्था 1980 ची. अशा संस्थांमुळे हिंदी प्रदेशातून आलेल्या अंध मुलांना राजधानीत पाय रोवायला जागा मिळाली. कॅसेटची अडचण एकच होती, पण ती मोठी होती. तिच्यात पान उलटता येत नाही. 'तिसऱ्या प्रकरणातला दुसरा मुद्दा' हवा असेल तर फीत पुढे-मागे करत बसावे लागे. 1996 मध्ये जगभरच्या अंध-ग्रंथालयांनी मिळून डेझी नावाचा मानक प्रकार सुरू केला. त्यात ध्वनीला प्रकरणे, मथळे आणि पाने असतात. आपल्या देशातल्या अशा संस्थांचा गट म्हणजे डेझी फोरम ऑफ इंडिया. त्याच्या आणि केंद्र शासनाच्या सहकार्याने 2016 मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. त्यामागे कायद्याची तयारीही होती. 2012 मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन अंधांना वापरता येतील अशा प्रती काढायला मोकळीक मिळाली, आणि 2014 मध्ये अशाच प्रतींविषयीच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, पण तिची चर्चा आपल्याकडे क्वचित होते.

खरा पालट संगणकाने केला. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी जॉज ही प्रणाली वर्षानुवर्षे प्रचलित होती, पण महाग. 2006 मध्ये मायकेल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए ही मोफत आणि मुक्त प्रणाली सुरू केली. आज गरीब घरातल्या विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपवरही ती चालते आणि मराठीही वाचते. तिचा मराठी उच्चार ऐकून पहिल्यांदा हसू येते, पण महिन्याभरात कान सरावतो आणि मग मुले तो इतक्या वेगाने लावतात की शेजारच्याला एक अक्षर कळत नाही. जेएनयूच्या मध्यवर्ती ग्रंथालयात अंध विद्यार्थ्यांसाठी हेलन केलर युनिट आहे, दिल्ली विद्यापीठात समान संधी कक्ष आणि ब्रेल ग्रंथालय आहे, मिरांडा हाउससारख्या महाविद्यालयांत वेगळे कक्ष आहेत. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील याच वाटेवरून गेल्या. लहानपणी दृष्टी गेलेली, शिक्षण दादरच्या कमला मेहता अंधशाळेत, मग मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुढे जेएनयू. पडदावाचक प्रणालीच्या आधारे अभ्यास करून त्यांनी यूपीएससीच्या 2016 च्या परीक्षेत देशात 124 वा क्रमांक मिळवला आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. त्यांची कथा आपल्या वर्तमानपत्रांनी जिद्दीची कथा म्हणून सांगितली. ती तशी आहेच. पण या क्षेत्रात येणाऱ्या वाचकांनी ती साधनांची आणि संस्थांची कथा म्हणूनही वाचावी. दादरची शाळा, मुंबईचे महाविद्यालय, दिल्लीचे ग्रंथालय आणि लॅपटॉपमधला तो कृत्रिम आवाज, यांतला एक दुवा निखळला असता तर नुसती जिद्द कुठवर पुरली असती?

एवढे होऊनही वर्गातला पेच सुटला नव्हता, आणि तो बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. पडदावाचक बोलतो. प्राध्यापकही बोलतात. कान दोनच आहेत आणि लक्ष एक. एका कानात इअरफोन लावून टिपण करणारा विद्यार्थी आपण काय टंकले हे ऐकू लागला की पुढचे वाक्य हुकतो, आणि आवाज बंद केला तर आंधळेपणाने टंकत राहतो (हा शब्द त्यांच्यापैकीच अनेक जण हसत हसत वापरतात), मग घरी जाऊन पाहावे तर निम्म्या ओळी चुकीच्या कळांवर गेलेल्या. उपाय सरळ आहे. जे लिहिले ते कानाने नव्हे, बोटाने तपासता यावे. त्यासाठी लागतो बदलता ब्रेल पट्टा : एका ओळीतल्या बारीक टाचण्या विजेच्या इशाऱ्याने वर-खाली होतात आणि बोटाखाली अक्षरे उमटतात, पुसतात, पुन्हा उमटतात. पूर्वापार यंत्रांत हे काम विशिष्ट स्फटिकाच्या पट्ट्या करतात. विद्युत दाब दिला की त्या किंचित वाकतात आणि टाचणीला उचलतात. एका अक्षराला सहा किंवा आठ टाचण्या, म्हणजे चाळीस अक्षरांच्या ओळीला तीनशेच्या घरात हलते भाग. यंत्र महाग का, ते इथे कळते.

दिल्ली आयआयटीतल्या असिसटेक या गटाने इथे हात घातला. संगणकशास्त्राचे प्रा. एम. बालकृष्णन आणि यंत्ररचनेचे प्रा. पी. व्ही. मधुसूदन राव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या गटाचे नाव आधी स्मार्टकेनमुळे झाले. पांढऱ्या काठीला लावायचे हे श्रवणातीत ध्वनीवर चालणारे उपकरण गुडघ्याच्या वरचे अडथळे थरथरीने कळवते. ते 2014 मध्ये बाजारात आले. 2019 मध्ये त्यांनी डॉटबुक आणले. ब्रेल पट्टा असलेला हा लॅपटॉप दोन रूपांत निघाला, एक वीस अक्षरांचा आणि ब्रेल कळांचा, दुसरा चाळीस अक्षरांचा आणि नेहमीच्या कळफलकाचा. या कामात नोएडातली क्रिटिकल सोल्यूशन्स, चेन्नईची फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स आणि दिल्लीतली सक्षम ही संस्था सोबत होती आणि इंग्लंडच्या वेलकम ट्रस्टचे अर्थसाहाय्य होते. मला यात उपकरणापेक्षाही कामाची रीत मोलाची वाटते. प्रयोगशाळेत घडवलेले यंत्र अंध वापरकर्त्यांच्या संस्थेने हाताळायचे, दोष काढायचे आणि कारखान्याने ते निस्तरायचे, अशी ती रीत. विद्यापीठाच्या प्रकल्पांपैकी किती तरी या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवरच बसून राहतात. याच परिसरातून रेझ्ड लाइन्स फाउंडेशन ही संस्था निघाली. ती विज्ञान-भूगोलाच्या आकृत्या बोटांना कळतील अशा उठावदार करते. तिच्यामुळे टिपणाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे फळ्यावरचे चित्र, अंध विद्यार्थ्याच्या आवाक्यात येऊ लागला.

लिपीचा विषय इथे टाळता येणार नाही. दिल्लीत हिंदी माध्यमाच्या नोट्स वर्षानुवर्षे कृतिदेव फाँटमध्ये टंकल्या गेल्या, आपल्याकडे श्रीलिपीत. डोळ्यांना ही पाने देवनागरी दिसतात, संगणकाच्या पोटात मात्र तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ असते. पडदावाचक तीच बोलतो आणि विद्यार्थ्याला राज्यशास्त्राऐवजी अगम्य मंत्र ऐकू येतात. उपाय एका वाक्यात सांगता येतो : युनिकोडमध्ये टंका. पण कोणाच्या तरी सवयीखातर तो अजूनही पाळला जात नाही. मराठी प्राध्यापकांनी, प्रकाशकांनी आणि विद्यापीठांच्या परीक्षा विभागांनी एवढे जरी मनावर घेतले, तरी एक रुपयाही खर्च न करता हजारो पाने उघडतील. हस्ताक्षरातल्या झेरॉक्सचे दुखणे याहून जुनाट आहे. छापील देवनागरी ओळखणारी यंत्रे आता बरी झाली आहेत, पण घाईत लिहिलेल्या वहीपुढे ती गांगरतात.

कर्णबधिर विद्यार्थ्यांकडे आलो की प्रश्नाची मांडणीच बदलते. डोळे एकाच वेळी सांकेतिक भाषेच्या हातांवर आणि वहीवर असू शकत नाहीत. ऐकणारा विद्यार्थी मान खाली घालून लिहीत असताना ऐकतही असतो. कर्णबधिर मुलीने मान खाली घातली की व्याख्यान थांबते. म्हणून तिच्यासाठी दुसऱ्याने टिपण करणे ही चैन नाही, ती प्राथमिक गरज आहे. दिल्लीत 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा शब्दकोश 2018 च्या पहिल्या आवृत्तीत तीन हजार शब्दांचा होता, 2021 च्या तिसऱ्या आवृत्तीत तो दहा हजारांवर गेला. भर पडलेल्या शब्दांत अभ्यासविषयांच्या संज्ञा आहेत, ही बाब टिपणाच्या दृष्टीने महत्त्वाची, कारण ज्या संज्ञेला खूणच नाही ती प्रत्येक वेळी अक्षरे मोडून दाखवावी लागते. फोनवर बोलणे उतरवणाऱ्या सोयीही आल्या आहेत. गूगलची लाइव्ह ट्रान्स्क्राइब 2019 मध्ये गॅलोडेट या कर्णबधिरांच्या अमेरिकन विद्यापीठाच्या सहकार्याने तयार झाली आणि तिच्यात मराठीही आहे. दिल्लीच्या वर्गात मात्र या सोयीची कसोटी लागते. प्राध्यापक 'फेडरलिज़्म का जो बेसिक स्ट्रक्चर है' अशा भाषेत शिकवतात. यंत्राला हिंदी सांगितली तर इंग्रजी संज्ञा बिघडतात, इंग्रजी सांगितली तर वाक्ये कोसळतात. त्यात पंखे, मागच्या बाकांवरची कुजबुज आणि बाहेरचे हॉर्न. यंत्र मजकूर देते, पण त्यातून टिपण काढण्याचे काम उरतेच.

हाताच्या आणि अध्ययनाच्या अडचणींबाबत आपला कायदा उशिरा जागा झाला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 21 केले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, आणि उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखल्या गेल्या. पुढे लेखन-पेटक्याचा त्रास असलेल्या एका उमेदवाराला यूपीएससीने लेखनिक नाकारला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 11 फेब्रुवारी 2021 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला की चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट पुरी होत नाही एवढ्या कारणाने लेखनिक नाकारता येत नाही. 10 ऑगस्ट 2022 ला त्यानुसार मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. निकाल मोठाच आहे. तरीही वाचकांनी लक्षात घ्यावे की ही सारी लढाई परीक्षेच्या तीन तासांसाठी होती. त्याआधीचे वर्षभर वर्गात लिहायचे कसे, याकडे नियमांचे लक्ष फार कमी गेले. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात पुस्तके आणि सहायक साधने मोफत देण्याची तरतूद आहे, ती वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. म्हणजे विद्यार्थी महाविद्यालयात येतो नेमक्या त्याच सुमारास ती संपते. हा निव्वळ योगायोग असेल, पण शाळा ही गरज आणि महाविद्यालय ही हौस असे मानणाऱ्या जुन्या मनोवृत्तीची सावली मला त्यात दिसते.

अलीकडे सर्वांत जास्त कुतूहल आहे ते आपोआप सारांश काढणाऱ्या यंत्रांचे. व्याख्यान मुद्रित करायचे आणि घरी पोचेपर्यंत मुद्दे तयार. याबाबत उत्साह आणि भीती दोन्ही जरा आवरून घ्यावीत असा माझा सल्ला आहे. 2014 मध्ये म्यूलर आणि ओपनहायमर यांनी लॅपटॉपवर लिहिणारे विद्यार्थी शब्दशः उतरवत जातात आणि समजण्यात मागे पडतात असा निष्कर्ष मांडला. तो जगभर गाजला आणि अनेक प्राध्यापकांनी वर्गात लॅपटॉप बंद केले. पुढच्या काळात इतरांनी प्रयोग पुन्हा केले तेव्हा तो परिणाम तितका ठाम दिसला नाही. बंदी मात्र कित्येक वर्गांत राहिली, आणि तिचा फटका बसला तो लॅपटॉपवाचून लिहूच न शकणाऱ्याला. एकट्यालाच सवलत दिली तर त्याचे दिव्यांगत्व सगळ्या वर्गासमोर उघडे पडते. यापेक्षा कागदावरचे लेखन आणि त्या वेळचा आवाज जोडून ठेवणाऱ्या पेनांची कल्पना मला अधिक समंजस वाटते. 2008 च्या सुमारास अशी पेने बाजारात आली. विशिष्ट ठिपक्यांच्या कागदावर चार शब्द खरडायचे, मागाहून त्या शब्दावर पेन टेकवले की तेव्हा बोललेले वाक्य ऐकू येते. निवड विद्यार्थ्याची, साठवण यंत्राची. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना ही वाटणी मानवते. भारतात हे पेन महागच राहिले. तोच हेतू आता फोनवरच्या काही टिपण-प्रणाली पुरा करतात.

साधनांच्या या गर्दीत एक गोष्ट हरवू नये म्हणून मुद्दाम सांगतो. वर्गातले सर्वांत परिणामकारक सहायक तंत्र प्राध्यापकाच्या तोंडात आहे. फळ्यावर लिहिताना 'ह्यातून हे वजा केले की हे येते' असे म्हणण्याऐवजी 'एक्सच्या वर्गातून चार वजा केले' असे म्हटले, तर अंध विद्यार्थ्याला गणित पोचते, कर्णबधिर विद्यार्थिनीच्या फोनवर अर्थपूर्ण ओळ उमटते, आणि मागच्या बाकावरच्या चष्मेवाल्यालाही बरे वाटते. तोंड फळ्याकडे न ठेवता वर्गाकडे ठेवणे, नवी संज्ञा एकदा अक्षरे सुटी करून सांगणे, तासाचे मुद्दे आदल्या दिवशी युनिकोडमध्ये पाठवणे, यांना कोणत्याही अनुदानाची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये सुगम्यतेबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती प्रत्येक प्राध्यापकाने वाचावीत, पण ती वाचायला वेळ नसेल तर निदान 'हे' आणि 'ते' म्हणणे थांबवावे.

मराठी वाचकाला या क्षेत्रात करण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर काम भरपूर आहे. मराठी व्याख्यानांच्या ध्वनिमुद्रणांवर यंत्रे शिकवायला हवीत, तीही पुण्याच्या व्यासपीठावरच्या प्रमाणभाषेवरच नव्हे, तर परभणीच्या आणि चंद्रपूरच्या वर्गांत बोलल्या जाणाऱ्या मराठीवरही. मराठी संज्ञांच्या सांकेतिक खुणा जमवायला हव्यात. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाने 2003 पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र चालवले आहे. तसे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात का नसावे, हा प्रश्न आपापल्या संस्थेत विचारायला हवा. दिल्लीतल्या गटांकडून यंत्रे मिळतील, पण आपल्या भाषेतला मजकूर त्यांच्या पोटात घालण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही.

ज्यांना इथवर वाचून उत्सुकता वाटली असेल, त्यांनी सुरुवात वाचनाने न करता हाताने करावी. एनव्हीडीए उतरवून घ्या, ती मोफत आहे. संगणकाचा पडदा झाका, युट्यूबवर आपल्या आवडीच्या विषयावरचे एखादे मराठी व्याख्यान लावा आणि पंधरा मिनिटांचे टिपण करा. पहिल्या खेपेला अक्षरागणिक बोलणारा आवाज तुम्हाला नकोसा होईल. तो कळांचा प्रतिध्वनी सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो, शब्दागणिक ठेवता येतो. दुसऱ्या खेपेला व्याख्यानाचा वेग कमी न करता तेच करून पाहा. मग पडदा उघडून दोन्ही टिपणे शेजारी ठेवा, आणि चुका मोजण्याच्या आधी एवढेच तपासा की दुसऱ्या टिपणात तुम्ही काय सोडून दिले आणि ते सोडण्याचा निर्णय कोणी घेतला : तुम्ही, की कळफलकाने.